सॅक्सोफोनवाला आणि गाणारी घरधनीण

आमच्या गल्लीत एक बँडवाले आहेत. कळंब, भूम, परंडा या भागातल्या किती वराती त्यांनी वाजवल्या, त्याची मोजदाद नाही. डीजे आल्यापासून सुपाऱ्या कमी झाल्या आणि सॅक्सोफोन खुंटीला लागला. त्यांच्या घरधनिणीचा गळा असा, की ती भाकरी थापताना गुणगुणली तरी बोळातला माणूस थांबावा. १४ एप्रिलच्या कार्यक्रमात तिला गाऊ द्या, असे आम्ही सुचवले. ते म्हणाले, “बँडवाल्याची बायको स्टेजवर? लोक काय म्हणतील?”

तेव्हा आम्ही त्यांना गोव्याच्या एका जोडप्याची हकीकत सांगितली.

ब्राझ गोन्साल्विस हे तिसवाडीतल्या नेवरा गावचे सॅक्सोफोनवादक. त्यांच्या पत्नी इव्हॉन जॅझ गायिका. इव्हॉन ही ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट यांची मुलगी. चिक यांचे खरे नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव हळदोणे. आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९५१ साली भगवानदादांच्या ‘अलबेला’ला संगीत दिले, त्यात चिक त्यांच्या जोडीला होते. तो सिनेमा पाहून नाचला नाही असा गिरणगाववाला विरळा! अशा घरातली मुलगी माईकपुढे उभी राहिली आणि लग्नानंतरही उभी राहिली. नवरा बाजूला वाजवत होता.

ब्राझ यांनी १९७० साली ‘रागा रॉक’ नावाची ध्वनिमुद्रिका काढली. विलायती बाजा आणि आपले राग यांचा मेळ घालण्याची ही खटपट. पुढे १९७८ पासून मुंबईत ‘जॅझ यात्रा’ भरू लागली, तेव्हा परदेशी कलावंतांच्या बरोबरीने आपले वादकही त्या मंचावर वाजवू लागले.

आता जॅझ म्हणजे साहेबी थाट, असे आपल्याला वाटते. तसे नाही. अमेरिकेतल्या गुलामांच्या नातवंडा-पणतवंडांनी न्यू ऑर्लिन्सच्या वस्त्यांत ते घडवले. त्यांना हॉटेलात वाजवायला बोलावत, पण त्याच हॉटेलात जेवायला बसू देत नसत. वाचकहो, वरात मांडवाच्या दारापर्यंत नेणाऱ्या आपल्या वाजंत्र्याचे पान कुठे मांडले जाई, हे आम्ही काय सांगावे? १९३५ साली लिऑन ॲबी हा काळा वादक आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला, आणि गोव्याच्या पोरांनी अशांचे वाजवणे कान देऊन ऐकले.

सॅक्सोफोनही बेल्जमच्या अडॉल्फ साक्सने १८४०च्या सुमारास तयार केला, आणि तो पलटणींच्या बँडात शिरला. अंग पितळेचे, पण आवाज निघतो तोंडाजवळच्या बोरूच्या पातळ पट्टीतून. म्हणून तो माणसाच्या गळ्याजवळचा. सनईची बहीणच म्हणा.

बँडवाले सगळे ऐकून घेत होते. मग एकच प्रश्न विचारला, “बाई गात असताना नवरा काय करायचा?”

आम्ही म्हटले, “दोन ओळींच्या मधली जागा भरायचा. ती गायला लागली की दम राखायचा.”

ते उठले. सॅक्सोफोन खुंटीवरून काढला, पट्टी ओली केली आणि चुलीकडे तोंड करून विचारले, “कुठल्या पट्टीत गातीस गं?”

पिठाचे हात तसेच ठेवून बाई म्हणाली, “काळी चार.”

“जमतंय की,” ते म्हणाले.