विश्लेषण : कमरेला खोचलेल्या पिस्तुलाची नळी नेमकी कुणाकडे रोखलेली असते?

कारधा (जि. भंडारा) : निवडणुकीची आचारसंहिता लागली की ग्रामीण पोलीस ठाण्यांत एक उपचार ठरलेला असतो. छाननी समितीने ज्यांची नावे काढली ते परवानाधारक आपापली शस्त्रे जमा करायला येतात. भंडारा शहरासमोर वैनगंगेच्या पलीकडच्या तीरावर असलेले कारधाही याला अपवाद नाही. पिकाच्या राखणीसाठी घेतलेली बारा बोअरची बंदूक खांद्यावरून येते, ती सगळ्यांना लांबूनच दिसते. रिव्हॉल्वर मात्र शर्टाखालून निघते. मालक ते काढतो, अंमलदारापुढे टेबलावर ठेवतो, काडतुसे बाहेर येतात, नंबर जुळवला जातो, पावती मिळते. सगळे मिळून दहा मिनिटांचे काम. या दहा मिनिटांत नळीचे तोंड कितीजणांच्या पोटावरून आणि डोक्यावरून फिरले, याची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये होत नाही.

उत्तर प्रदेशातील अलीगढच्या एका ठाण्यात डिसेंबर २०२३ मध्ये ती नोंद सीसीटीव्हीने केली. पासपोर्टच्या पडताळणीसाठी आलेली एक महिला टेबलासमोर उभी होती. पलीकडे उभ्या असलेल्या उपनिरीक्षकाच्या हातात सहकाऱ्याने पिस्तूल दिले. ते तपासताना गोळी सुटली आणि थेट त्या महिलेच्या डोक्यात शिरली. काही दिवसांनी रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. चूक कुणाची, यावर पुढे बरेच बोलले गेले. पण त्या चित्रणातली महत्त्वाची बाब एकच आहे. गोळी सुटली त्या क्षणी नळी भिंतीकडे किंवा जमिनीकडे असती, तर प्रकरण प्लास्टरचे ढलपे उडण्यावर आणि एका निलंबनावर मिटले असते.

जुहूतील ती पहाट

महाराष्ट्रात हा विषय घराघरांत पोहोचला तो अभिनेता गोविंदामुळे. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे पावणेपाचच्या सुमारास, कोलकात्याला निघण्याच्या तयारीत असताना, त्याच्या परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून गोळी सुटली. ती डाव्या पायात गुडघ्याखाली लागली. रिव्हॉल्वर ठेवताना हातातून निसटून खाली पडले, असे त्याच्या व्यवस्थापकाने सांगितले. शस्त्रक्रिया झाली, गोळी काढली गेली, तीन दिवसांनी तो चाकाच्या खुर्चीत बसून रुग्णालयाबाहेर आला आणि चाहत्यांना नमस्कार केला. समाजमाध्यमांवर विनोदांचा पाऊस पडला. ‘पिस्तूल पडले तर गोळी वर कशी जाते?’ हा प्रश्न त्यात सर्वाधिक फिरला.

प्रश्न थट्टेत विचारला गेला, पण तो चांगला आहे. पडणारी वस्तू हवेत फिरते. जड मूठ आणि सिलिंडर एका बाजूला, हलकी नळी दुसऱ्या बाजूला. त्यामुळे हातातून सुटलेले रिव्हॉल्वर सरळ खाली न येता गिरकी घेते. मागचा घोडा आधी जमिनीवर आपटला, तर नळी त्या क्षणी वर, म्हणजे उभ्या माणसाच्या पायांकडे किंवा पोटाकडे असू शकते. जुन्या रचनेच्या रिव्हॉल्वरमध्ये घोड्याची टोचणी चेंबरमधल्या काडतुसाच्या पार्श्वभागाला अगदी चिकटून असते. घोड्यावर बाहेरून ठोका बसला की चापाला बोट न लावताही काडतूस पेटते.

यावरचा उपाय शंभर वर्षांहून जुना आहे. आयव्हर जॉन्सन या अमेरिकी कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच घोड्यावर हातोडा मारला तरी गोळी सुटणार नाही, अशी जाहिरात केली होती. चाप पूर्ण ओढला तरच एक पट्टी वर सरकते आणि घोड्याचा ठोका टोचणीपर्यंत पोहोचवते, एरवी मध्ये पोकळी राहते. दुसऱ्या महायुद्धात एका अमेरिकी जहाजाच्या डेकवर पडलेल्या रिव्हॉल्वरमधून गोळी सुटून खलाशाचा जीव गेला, तेव्हा स्मिथ अँड वेसन कंपनीनेही घोड्यापुढे नव्या रचनेचा पोलादी अडसर बसवला. मात्र भारतात परवान्याची अनेक शस्त्रे आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून मुलाकडे वारसाने येतात. वाड्यातल्या कपाटातले जुने विलायती रिव्हॉल्वर असा अडसर असलेले आहे की नसलेले, हे मालकाला माहीत असतेच असे नाही. जुन्या माणसांचा साधा तोडगा असा, की सहापैकी एक घर रिकामे ठेवायचे आणि घोडा त्या रिकाम्या घरावर टेकवायचा.

नवे शस्त्र घेतले म्हणजे चिंता मिटली, असेही नाही. सिग सॉअर या नामांकित कंपनीचे पी-३२० पिस्तूल विशिष्ट कोनात पडल्यास गोळी सुटते, असे २०१७ मध्ये चाचण्यांत दिसले आणि कंपनीला ग्राहकांसाठी फुकट सुधारणा जाहीर करावी लागली. अडसर, स्प्रिंग, पट्टी हे सगळे यंत्राचे भाग आहेत. झिजतात, गंजतात, मळतात. यंत्र दगा देईल असे धरून चालायचे, तर हाताशी उरते ती एकच गोष्ट : नळीची दिशा.

पडते पिस्तूल झेलू नये, ते का?

कमरेच्या उंचीवरून, म्हणजे साधारण एक मीटरवरून सुटलेली वस्तू जमिनीवर पोहोचायला ०.४५ सेकंद लागतात. डोळ्याने पाहून हात हलवायलाच माणसाला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. उरलेल्या वेळात हात नेम धरून मूठ पकडत नाही, मिळेल ते पकडतो. हाताची बोटे आत वळतात आणि त्यांतले एखादे हमखास चापाच्या कडीत जाते. आधुनिक पिस्तुले पडण्यासाठी तयार केलेली असतात, झेलण्यासाठी नाही. पडले तर पडू द्यावे. मोबाइल वाचवायची सवय लागलेल्या पिढीला हे अवघड जाते, पण पिस्तुलाला ओरखडा पडलेला परवडतो.

न्यूयॉर्कमध्ये नोव्हेंबर २००८ मध्ये प्लॅक्सिको बरेस या नामवंत अमेरिकी फुटबॉलपटूचे असेच झाले. सैल पँटच्या इलॅस्टिकमध्ये होल्स्टरशिवाय खोचलेले पिस्तूल नाइट क्लबमध्ये पायावरून घसरू लागले. त्याने ते सावरायला हात घातला आणि गोळी त्याच्याच मांडीत गेली. जीव वाचला. पण तिथे पिस्तूल बाळगण्याचा परवाना नसल्याने सुमारे वीस महिने तुरुंगात गेले.

नियम काय सांगतात?

आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. नव्या नियमांत दोन तरतुदी थेट या विषयाच्या आहेत. पहिली, परवान्यासाठी शस्त्र सुरक्षेचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र लागते. त्यात शस्त्र हाताळणे, बाळगणे, ठेवणे हे सगळे शिकवणे अपेक्षित आहे. दुसरी, सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर न्यायचे तर ते होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या पिशवीत हवे, पूर्ण झाकलेले हवे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा हवा. म्हणजे अमेरिकेत ज्यावर राज्याराज्यांत वाद चालतात ते ‘लपवून बाळगणे’ भारतात नियमानेच अपेक्षित आहे. उघडे पिस्तूल मिरवणे हाच गुन्हा.

हेतू योग्य आहे. चौकात दहशत दिसू नये. बीडमध्ये पिस्तुले उंचावल्याच्या चित्रफिती राज्याने पाहिल्या आणि तिथले अनेक परवाने रद्दही झाले. परंतु झाकण्याच्या नियमाची एक बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही. उघडे शस्त्र दिसले तर समोरचा माणूस बाजूला सरकू शकतो. झाकलेल्या शस्त्राच्या रेषेत आपण उभे आहोत, हे बाजूच्याला कळायचा मार्गच नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्याला नाही, एसटीत मागच्या बाकावरच्याला नाही, दुचाकीवर मागे बसलेल्या बायकोलाही नाही. त्याच्या वाट्याची सावधगिरी बाळगणाऱ्यानेच घ्यायची असते. नियमात होल्स्टर आहे, आवरण आहे, ताबा आहे. या तरतुदीत नळी कुठे असावी याबद्दल अक्षर नाही.

मग ती असते कुठे?

हे शरीराच्या भूमितीवर ठरते. कमरेच्या उजव्या बाजूला, पट्ट्याला घट्ट अडकवलेल्या कडक होल्स्टरमध्ये नळी उभे असताना जमिनीकडे राहते. त्यातल्या त्यात ही जागा बरी. पोटापुढे, पट्ट्याच्या आत खोचले तर उभे असताना ठीक, पण खुर्चीत किंवा गाडीत बसले की नळी जांघेकडे वळते. तिथून मांडीची मुख्य धमनी जाते. ती फुटली तर हातात मिनिटे उरतात. खांद्याच्या आडव्या होल्स्टरमध्ये पिस्तूल आरामात बसते, सिनेमात छानही दिसते. नळी मात्र दिवसभर मागे उभ्या असलेल्या माणसाच्या छातीकडे रोखलेली राहते. पाठीमागे खोचलेले रिव्हॉल्वर दुचाकीवर पुढे वाकले की मागे बसणाऱ्याच्या मांड्यांकडे तोंड करते. नागपूर-रायपूर महामार्गावर भंडाऱ्याहून लाखनीकडे जाताना किती गतिरोधक आणि खड्डे लागतात, हे रोज जाणाऱ्याला सांगायला नको.

हँडबॅगचे तर विचारूच नये. बॅगेत नळी कुठेही असू शकते, आणि बॅग कुणाच्याही हाती लागू शकते. अमेरिकेतील आयडाहो राज्यात डिसेंबर २०१४ मध्ये एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधले पिस्तूल हाताळले आणि त्यात आईचाच जीव गेला. ती पर्स पिस्तूल ठेवण्यासाठीच बनवलेली होती.

आपल्याकडचा खास पेच कपड्यांचा आहे. होल्स्टर म्हणजे जाड पट्टा आला. झब्बा-पायजमा घालणाऱ्या पुढाऱ्याच्या कमरेला पट्टा नसतो, नाडी असते. मग रिव्हॉल्वर जाते जाकिटाच्या खिशात, किल्ल्या आणि पेनांच्या सोबतीला, किंवा गाडीच्या डॅशबोर्डमध्ये, किंवा उशाखाली. पट्टा असला तरी होल्स्टर स्वस्तातले आणि मऊ असते. वापरून ढिले झाले की त्याची कडच दुमडून चापावर येते. पिस्तूल परत आत सरकवताना शर्टाचे टोक किंवा नाडी चापाच्या कडीत अडकते आणि ढकलण्याच्या जोरानेच चाप ओढला जातो. काढण्याची घाई समजू शकते, ठेवायला कसली घाई? बघून, सावकाश, नळी अंगापासून दूर कलती ठेवून आत घालावे, एवढेच प्रशिक्षक सांगतात.

भारतात सामान्य परवानाधारकाला ९ मिलिमीटरचे पिस्तूल मिळत नाही, ते निषिद्ध बोअरमध्ये येते. त्यामुळे बहुतेकांकडे ०.३२ बोअर. २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने आणलेले, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे ‘निर्भीक’ रिव्हॉल्वर याच बोअरचे. ०.३२ म्हणजे ‘बारका माल’ असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. सुमारे सहा ग्रॅमची गोळी सेकंदाला दोनशे मीटरहून अधिक वेगाने सुटते, आणि दुभाजक भिंतीच्या पातळ प्लायवूडने ती थांबेल या भरवशावर कुणी राहू नये. खालच्या मजल्यावर कोण राहते, भिंतीपलीकडे कुणाचा पलंग आहे, हे घरात काडतुसे काढताना बघायचे असते.

जगभर शिकवले जाणारे चार नियम अमेरिकी प्रशिक्षक जेफ कूपर यांच्या नावावर आहेत : प्रत्येक शस्त्र भरलेलेच समजा, जे नष्ट करायचे नाही त्यावरून नळी फिरवू नका, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा, लक्ष्य आणि त्यामागे काय आहे ते ओळखा. यातला दुसरा नियम पाळला, तर उरलेले तीन मोडूनही सहसा कुणी मरत नाही. लपवून बाळगताना तो शंभर टक्के पाळणे शक्य नाही, स्वतःचे अंग मध्ये येतेच. म्हणूनच शस्त्र होल्स्टरमध्ये गेले की पुन्हा पुन्हा चाचपायचे नाही. कमरेवर हात ठेवून बोलण्याची लकब रुबाबदार वाटते. खरे तर तेवढ्या वेळा अपघाताला आमंत्रण दिलेले असते.

करता काय येईल?

निष्काळजीपणाची शिक्षा कायद्यात आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेदरकार किंवा हर्षाच्या भरात केलेल्या गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यूला कारण ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण शिक्षा गोळी सुटल्यावर येते. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली, म्हणजे शस्त्रधारक कसा वागतो हे तपासण्याची संधी आणखी लांबली. नूतनीकरणाला कागद तपासले जातात, हात तपासला जात नाही. वाहन परवान्यासाठी आठचा आकडा काढून दाखवावा लागतो; रिव्हॉल्वर रिकामे करून दाखवा, असे नूतनीकरणाच्या खिडकीवर जिल्हाधिकारी कार्यालयाने म्हटले तर त्यात जाचक काय आहे?

ठाण्यांसाठी उपाय याहून स्वस्त आहे. सैन्याच्या तुकड्यांत शस्त्र रिकामे करायची जागा ठरलेली असते, समोर रेतीचा ढीग किंवा रेतीने भरलेला पिंप. नळी त्यात रोखायची, काडतुसे काढायची, मगच टेबलाजवळ यायचे. चुकून सुटलेली गोळी रेतीत जिरते. शस्त्रे जमा करून घेणाऱ्या प्रत्येक ठाण्यात असा एक पिंप हवा. वैनगंगेच्या काठावर रेतीची टंचाई आहे असे कुणी म्हणणार नाही. अवैध वाहतुकीतली जप्त रेतीच पुरेल. पिंपापाशी आधी पाहुण्याचा हुद्दा विचारू नये, एवढी काळजी मात्र घ्यावी लागेल. दारूगोळ्याच्या कारखान्यात काडेपेटी फाटकावरच काढून घेतात, तेव्हा साहेब आणि मजूर असा भेद करत नाहीत. जवाहरनगरची आयुध निर्माणी जवळ असलेल्या, २४ जानेवारी २०२५ चा तिथला स्फोट ऐकलेल्या जिल्ह्याला हे वेगळे समजवावे लागू नये.

निवडणूक संपली की जमा शस्त्रे परत मिळतात. ती घेताना काडतुसे ठाण्याच्या दारातच भरायची की घरी जाऊन, हेही आज ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे.