खलनायकाची पहिली चौकट

जेवणाच्या सुट्टीत मी डॉकवर कॉमिक्स वाचत बसतो म्हणून मुकादम हसतो. हसू दे. हमालानं पेपर वाचला तरी तो हसतोच. वाडीच्या एका गोदामात ट्रकचा फाळका डॉकला लागला की आम्ही नग उतरवतो, नग चढवतो. मधल्या अर्ध्या तासात डबा आणि कॉमिक्स. बर्डीच्या फुटपाथवरून आणलेली, कव्हर फाटलेली, कुण्या पोट्ट्यानं हिरोईनला पेनानं मिशा काढलेली राज कॉमिक्स. हिंदीत. नागपूरच्या पोराला हिंदी वाचायला कोणाची परवानगी लागत नाही.

हल्ली शिकलेल्या मंडळींत एक बोलणं ऐकू येतं. म्हणे कॉमिक्समध्ये आता काळं आणि पांढरं असं राहिलं नाही. खलनायकालाही मन असतं, दुःख असतं, तो सुधारतो. याला ते नैतिक संदिग्धता म्हणतात. शब्द भारी आहे. खरं तर हे ऐकून मी नाचायला पाहिजे, कारण पुराणापासून पोलीस चौकीपर्यंत खलनायकाचं काम आपल्याच वाट्याला आलंय. पण दोस्तांनो, मी नाचत नाही. कोणता खलनायक सुधारतो, त्याला कोण सुधारतं, आणि सुधारल्यावर तो कोणाच्या दारात पहारा देतो, एवढं मी आधी बघतो. नग मोजल्याशिवाय बिल्टीवर सही करायची नाही, हे डॉकनं शिकवलंय.

नागराज घ्या. १९८६ साली दिल्लीच्या राज कॉमिक्सनं काढला, आणि त्याची सुरुवातीची चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीकांची. हिरव्या अंगाचा, खवल्यांचा. आज तो हिरो आहे, पण पहिल्या अंकात तो माल आहे, माल. प्रोफेसर नागमणीनं बनवलेलं हत्यार. डोक्यात कॅप्सूल बसवलेली, म्हणजे गडी हुकमात राहावा. मग बाबा गोरखनाथ भेटतात, कॅप्सूल काढतात, आणि नागराज जगाचा रक्षक होतो.

नाग हा शब्द नागपुरात साधा नाही. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी भाषणात सांगितलं होतं की हे शहर निवडलं ते नाग लोकांमुळं. त्यामुळं लहानपणी मी नागराजला आपल्याच वस्तीतला समजायचो. कॅप्सूल निघाली त्या पानावर टाळ्या वाजवायचो. आता त्याच पानावर अडतो. एकाच्या हुकमातून निघालेला माणूस लगेच दुसऱ्याच्या आशीर्वादात जातो. मधे एक दिवस तरी त्याला स्वतःचा म्हणून मिळाला का? चहा प्यायला, विचार करायला?

माझ्या बापाच्या पिढीनं इंद्रजाल कॉमिक्स वाचलं. १९६४ ते १९९० पर्यंत ते मुंबईतून निघायचं, मराठीतसुद्धा. त्यातला वेताळ म्हणजे गोरा माणूस कवटीच्या गुहेतल्या सिंहासनावर, आणि काळे लोक भाले घेऊन आजूबाजूला उभे. चांगुलपणाचा रंग पण ठरलेला, साला. १९७६ साली आबिद सुरतींनी बहादूर आणला. भगवा कुडता, जीन्स, देशी गडी. बापाला तो फार आवडायचा, मलाही आवडतो. बहादूर हा डाकूचा मुलगा. बाप पोलिसाच्या गोळीनं मरतो, आणि ज्या अधिकाऱ्यानं मारलं तोच पोराला वाढवतो. पोरगा मोठा होऊन डाकूंशी लढतो. गोष्ट चांगली रंगते. पण बाप डाकू का झाला, त्याची जमीन कोणी खाल्ली, त्याला कोणी कुठं उभं केलं नाही, याची एक चौकट काढायला किती शाई लागली असती?

कारण कॉमिक्सच्या बाहेरची गोष्ट आपल्याला माहीत आहे. १८७१ साली इंग्रजानं कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पुढं आपल्याकडचे पारधीही त्यात आले. पोरगं झोळीत आणि नाव सरकारी वहीत. १९५२ साली कायदा गेला. चोरी झाली की पहिली जीप कोणत्या बेड्यावर जाते, हे मात्र अजून कोणाला विचारावं लागत नाही. ज्यांना जन्माच्या आधीच खलनायक केलं, त्यांनी सुधारायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

जोतीरावांनी हे दीडशे वर्षांपूर्वी ओळखलं. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी बळीला माफ केलं नाही, सुधारलं नाही, त्याच्या चांगल्या बाजूही मोजत बसले नाहीत. ते म्हणाले, राजा तो होता, वामन घुसखोर. पाताळात घातला त्या पायाला त्यांनी जाब विचारला. आपल्या बाया दिवाळीला ओवाळताना बळीचंच राज्य मागतात. त्यांना कोणी संदिग्धता शिकवली नव्हती.

अमेरिकेतही हेच बघा. मॅग्नेटो १९६३ साली आला तेव्हा निव्वळ दुष्ट. १९८१ साली क्रिस क्लेअरमाँट या लेखकानं त्याचं बालपण ऑश्विट्झच्या छळछावणीत नेलं, आणि वाचणाऱ्याचा हात थांबला. माणूस तोच, फक्त पहिली चौकट मिळाली. त्याला अठरा वर्षं लागली. आणि किलमाँगर? २०१८ चा 'ब्लॅक पँथर' मी हिंदीत पाहिला, दोनदा. पोरगा ओकलंडचा, जिथं १९६६ साली खरी ब्लॅक पँथर पार्टी जन्मली. बाप सख्ख्या भावाच्या हातून मेलेला, पोरगं तिथंच टाकून दिलेलं. तो म्हणतो, तुमच्याकडं एवढं सगळं होतं तेव्हा जगभरचे आपले लोक मरत होते, तुम्ही कुठं होता? थेटरात मी मनातल्या मनात म्हटलं, बरोबर बोलून राह्यला बे. तेवढ्यात सिनेमा त्याच्या हातून एका म्हातारीचा गळा आवळवतो. झालं. आता त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायला नको. ही युक्ती ओळखून ठेवा, ती पेपरच्या बातमीतही चालते. मागणी रास्त असली की मागणाऱ्याच्या हातात दगड दाखवायचा. शेवटी प्रश्न खरा होता म्हणून राजा ओकलंडला केंद्र काढतो, पण विचारणारा मेलेला असतो.

याच ब्लॅक पँथरची आणखी एक गंमत. तो कॉमिक्समध्ये पार्टीच्या आधी काही महिने आला. पुढं पार्टीच्या नावाची धास्ती बसली तेव्हा, १९७२ च्या एका अंकात, हिरो आपलं नाव ब्लॅक लेपर्ड असं सांगून मोकळा झाला. काही दिवसांनी परत पँथर झाला, ते सोडा. पण साल बघा. १९७२. त्याच साली मुंबईच्या पोरांनी तेच नाव छातीवर घेतलं.

आणि डोगा. राज कॉमिक्सचाच, मुंबईचा. कचऱ्याच्या ढिगावर टाकलेलं मूल, डाकूनं उचललेलं, ढालीसारखं वापरलेलं. मोठा झाल्यावर कुत्र्याचा मुखवटा घालून गुंड मारतो, शहरातली कुत्री त्याच्या बाजूनं. तो पकडून पोलिसात देत नाही, गोळी घालतो. मला हा सगळ्यांत जवळचा वाटतो आणि सगळ्यांत जास्त भीतीही त्याचीच वाटते. कचऱ्यातून उठलेला माणूस एकटाच न्यायाधीश झाला की आज गुंड मरतो, उद्या खोट्या चकमकीत आपलं पोट्टं मरतं, आणि लोक टाळ्या तशाच वाजवतात. म्हणजे मला पहिली चौकट पाहिजे, पण तिच्या जोरावर पुढच्या सगळ्या चौकटी माफ नकोत. हे दोन्ही एका हातात धरणं अवघड जातं. मला रोज जातं.

आमच्या वस्तीतलाच एक जण मुकादमासाठी हमालांकडून गाडीमागं वीस रुपये उचलतो. न देणाऱ्याचा हात त्यानं एकदा मोडला, माझ्यासमोर. मी बोललो नाही. त्याच्या बापाला मीही ओळखत होतो, पोत्याखाली दबून मेला, घरी काही आलं नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या पायावर खोका पडला. गोदामवाले म्हणाले, घरी जा. यानं मला गाडीवर घातलं, दवाखान्यात नेलं, टाक्यांचे पैसे भरले. परत येताना म्हणाला, "कविता लिहितो ना बे तू? माह्यावर लिहून राह्यला का?" मी म्हटलं, लिहीन. "मंग वीस रुपयाचं बी लिहिजो."

लिहिलं. आम्ही सहा जणांनी ठरवलंय, येत्या शुक्रवारी वीस रुपये द्यायचे नाहीत. टाक्यांचे पैसे मी वेगळे बांधून ठेवलेत, ते त्याच दिवशी त्याच्या हातात देणार.