चार कॉर्ड्स, फुल्ल टू धमाल!

भाजे गावातल्या एखाद्या बंगल्यावर शनिवारी रात्री काय सीन असतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आठवडाभराच्या डेडलाइन्स कशाबशा उरकून अख्खी टीम आलेली असते. बाहेर मावळातला पाऊस, आत भजी आणि चहा. अशात ऑफिसमध्ये कधी तोंड न उघडणारा एक जण गिटार काढतो. एका गाण्यातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. बीटल्सवरून गाडी शकिरावर, तिथून थेट 'देस्पासितो'वर! त्याचा डावा हात मात्र त्याच चार जागांवर फिरत असतो. मग कोणीतरी ओरडतंच, "अरे, हे सगळं सेमच आहे की!"

बरोब्बर! सेमच आहे. आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, एवढंच आज सांगायचंय.

फंडा एकदम सिंपल आहे. तीन सूर एकत्र वाजवले की झाली कॉर्ड. लहानपणी पेटीच्या क्लासला गेला असाल तर आणखी सोपं. सा-ग-प एकदम दाबा, ही आपली घरची कॉर्ड. मग प-नी-रे. मग ध-सा-ग, ही मायनर, जरा हळवी. शेवटी म-ध-सा. सगळे सूर शुद्ध. कीबोर्डवर हेच सी, जी, ए मायनर आणि एफ; एकही काळी पट्टी लागत नाही. १९७०च्या 'लेट इट बी'ची सुरुवात याच क्रमाने होते आणि २०१०च्या फुटबॉल वर्ल्डकपचं 'वाका वाका'सुद्धा याच क्रमावर नाचतं. पट्टी वेगळी, प्रवास तोच.

आता यातली गंमत बघा. पहिल्या आणि दुसऱ्या कॉर्डमध्ये 'प' कॉमन आहे. तिसऱ्या आणि चौथ्यात 'ध' आणि 'सा' कॉमन. चौथीतून पुन्हा पहिलीत यायला 'सा'चा पूल आहेच. फक्त दुसरी ते तिसरी या उडीत एकही सूर कॉमन नाही! प-नी-रे ऐकल्यावर कानाला वाटतं, आता घरी जाणार. आणि नेमकं तिथे ध-सा-ग येऊन काळजाला हलका चिमटा काढतं. नाचता नाचता मध्येच उगाच भरून येतं ना, त्यात या चिमट्याचा वाटा मोठा.

'देस्पासितो'ने २०१७ साली काय केलं? याच चार कॉर्ड्स, पण सुरुवात तिसरीपासून. म्हणजे आधी हळवेपणा, घर मध्ये कुठेतरी, आणि फेरी संपते प-नी-रेवर. तिथे कान लोंबकळत राहतो, पुढची फेरी हवीच वाटते. डान्स फ्लोअरला आणखी काय पाहिजे? गाणं थांबूच नये, हीच तर तिथली डिमांड असते.

आणि हिशेब बघा. एका कॉर्डला चार ठोके धरले तर चार कॉर्ड्सचे झाले सोळा. सोळा मात्रा म्हणजे आपला तीनताल! 'वाका वाका'च्या क्रमात हळवी कॉर्ड येते नवव्या ठोक्यावर, आणि तीनतालातली खाली असते तीही नवव्याच मात्रेवर. डग्ग्याचा घुमारा जिथे थांबतो, तिथेच इथे मूड बदलतो. योगायोग असेल, पण सही आहे ना! मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात ही फेरी आठ सेकंदांत संपते. साडेतीन मिनिटांत २५-२६ फेऱ्या. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीलाच पायांना कळतं की पुढे काय येणार. डोकं बंद, डान्स सुरू!

नाचायला कॉर्ड्स लागतातच असं मात्र नाही, बॉस. भाजे गावच्याच डोंगरात इसवी सनापूर्वीच्या काळापासून कोरलेली बावीस लेणी आहेत. तिथल्या विहारातल्या शिल्पात एक बाई तबल्यासारखी वाद्यं वाजवतेय आणि दुसरी नाचतेय. कॉर्ड नाही, कीबोर्ड नाही. ठेका आणि पाय, बस्स! आपल्याकडे सूर पुढे जातो, ताल गोल फिरतो आणि सगळे समेवर भेटतात. पॉपमध्ये गोल फिरायचं ते काम ठेक्याच्या जोडीने कॉर्ड्सही करतात.

मग या कॉर्ड्स आपल्या गाण्यात आल्या कुठून? एक मोठा रस्ता गोव्यावरून आला. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत मुलं नोटेशन वाचायला शिकायची. त्यातले कितीतरी वादक पुढे मुंबईच्या जाझ बँड्समध्ये आणि मग फिल्म स्टुडिओंत पोचले. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांच्या 'अलबेला'ला (१९५१) चिक चॉकलेट या गोंयकार ट्रम्पेटवाल्याची साथ होती. 'शोला जो भडके' लागल्यावर आजही आजोबांचा पाय हलतो. मराठी चाल आणि गोव्याचा बँड, काय कॉम्बिनेशन!

तरीही "चार कॉर्ड्सची गाणी म्हणजे चोरी" असं म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. त्याला एड शीरनची गोष्ट सांगा. त्याचं 'थिंकिंग आउट लाउड' हे मार्विन गे यांच्या १९७३च्या गाण्यावरून उचललंय, असा दावा त्या गाण्याच्या सहगीतकाराच्या वारसांनी केला. वादात होता तो मुख्यतः कॉर्ड्सचा क्रम. २०२३ साली न्यूयॉर्कच्या कोर्टात शीरन गिटार घेऊन साक्षीला बसला आणि हा क्रम किती कॉमन आहे ते वाजवून दाखवलं. हरलो तर संगीत सोडेन, असंही म्हणाला. ज्युरीने त्याच्या बाजूने कौल दिला. विचार करा, निकाल उलटा लागला असता तर? उद्या तीनताल वाजवायला कोणाकडे तरी परवानगी मागायला लागली असती!

ठेका सगळ्यांचा असतो, चाल ज्याची त्याची. कॉर्ड्सचंही तेच आहे. आणि म्हणूनच "आता या वयात काय गिटार शिकणार!" हे रडगाणं बंद करा. अप्रेझलपेक्षा हे नक्की सोपं आहे.

जाता जाता : या आठवड्याचा होमवर्क. रोज दहा मिनिटं फक्त चार कॉर्ड्स. गिटारवर एफ छळतो, तेव्हा जी, डी, ई मायनर, सी अशी पट्टी घ्या. बोटं दुखतील, दुखू देत. आधी बदल वेळेवर जमू दे, वेग नंतर. आणि पुढच्या ट्रिपला रात्री दहानंतर स्पीकर बंद करा. गावाला झोपायचं असतं. दारंखिडक्या लावून हळू आवाजात गिटार मात्र चालेल!