काम कोणते, पाळी कोणती

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४८च्या कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती वेतनाच्या व्याख्येची, ग्रॅच्युइटीची आणि चाळिशीपुढच्या कामगारांच्या मोफत वार्षिक तपासणीची. पनवेल, कळंबोली, कामोठे, तळोजा या पट्ट्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांशी थेट संबंध आहे तो व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम १२चा, आणि त्याची चर्चा फारशी झाली नाही. या संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीतला आजार झाल्याची शंका असलेला कामगार ज्या डॉक्टरकडे उपचार घेतो, त्या डॉक्टरने मुख्य निरीक्षक-तथा-सुलभकर्त्याच्या कार्यालयाला विनाविलंब लेखी कळवायचे आहे. ही जबाबदारी जुन्या कायद्यातही होती. न कळवल्यास दंड तेव्हा १,००० रुपयांपर्यंत होता, आता तो १०,००० रुपयांपर्यंत आहे.

दंड दहापट झाला, अनुसूची मात्र होती तशीच पुढे आली. तीत २९ आजार आहेत. शिसे, पारा, मँगनीज, आर्सेनिक यांची विषबाधा आहे, सिलिकोसिस आणि ॲस्बेस्टोसिस आहे, कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस आहे, आवाजाने येणारा बहिरेपणा आहे. व्यावसायिक दमा नाही. औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या दवाखान्यात कामाशी जोडलेला जो श्वसनविकार सर्वांत जास्त भेटण्याची शक्यता, नेमका तोच कळवण्याच्या यादीतून वगळलेला आहे.

याहून न पटणारी गोष्ट पुढे आहे. भरपाई देणाऱ्या कायद्यांनी हा आजार केव्हाच मान्य केला आहे. १९२३चा कर्मचारी भरपाई कायदा आणि १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा या दोन्हींच्या तिसऱ्या अनुसूचीत, भाग ‘ब’मध्ये, कामाच्या प्रक्रियेतल्या संवेदक पदार्थांमुळे होणारा दमा स्वच्छ शब्दांत नोंदलेला होता. सामाजिक सुरक्षा संहितेतही ती यादी कायम आहे. म्हणजे एकाच शासनाची एक संहिता या आजाराला भरपाई देऊ करते आणि दुसरी त्याची खबरच मागत नाही. खबर नाही म्हणून निरीक्षक त्या खात्यात हवा तपासायला जात नाही. तपासणी नाही म्हणून कागद तयार होत नाही, आणि कागदाशिवाय कामगाराचा भरपाईचा दावा उभा राहत नाही. चार संहिता करताना २९ कायदे एकत्र केले गेले. दोन अनुसूच्या शेजारी ठेवून वाचण्याचे काम तेवढे राहून गेले.

भाग ‘ब’मधल्या आजाराला आणखी एक अट आहे. त्याच मालकाकडे सलग किमान सहा महिने नोकरी झालेली हवी, आणि दुसऱ्या मालकाकडची नोकरी त्यात धरली जात नाही. कंत्राटी कामगार वर्षानुवर्षे त्याच शेडमध्ये, त्याच यंत्रावर उभा असतो. कागदावर मात्र कंत्राटदार बदलत राहतो. अशा माणसाची छाती चार वर्षे वाफ ओढते आणि नोकरी भरते पाच महिने. दहापेक्षा कमी माणसांचे गॅरेज, बेकरी किंवा फर्निचरचा गाळा तर व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या ‘आस्थापना’ या व्याख्येतच बसत नाही.

हा आजार दवाखान्यात कसा येतो ते पाहिले की तो का सुटतो हे कळते. तळोज्यात रसायने आणि रंगद्रव्यांच्या बरोबरीने निर्यातीची मासळी प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. कोळंबी काळी पडू नये म्हणून सोडियम मेटाबायसल्फाइट वापरतात आणि त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. कोळंबी सोलताना, शिजवताना तिच्या प्रथिनांचे सूक्ष्म तुषार हवेत राहतात. गाड्या रंगवणाऱ्यांच्या टू-पॅक रंगात आयसोसायनेट असते, बेकरीत पिठाची धूळ असते. संवेदनक्षमता तयार व्हायला काही महिने ते काही वर्षे लागतात, म्हणून ‘इतकी वर्षे काम करतोय, तेव्हा काही झालं नाही’ हे रुग्णाचे वाक्य निदानाच्या विरोधात जात नाही. बऱ्याच जणांत प्रतिक्रिया उशिरा येते, संपर्कानंतर चार ते आठ तासांनी. दुसरी पाळी करून रात्री साडेअकराला घरी आलेल्या कामगाराला उबळ येते ती पहाटे तीनला, अंथरुणात. शिवाय पहाटे श्वासनलिका एरवीही आकुंचलेल्या असतात. कारखान्यात त्याला काहीच होत नाही, म्हणून कारखान्याचा विषयही निघत नाही.

तो दवाखान्यात येतो तीन तक्रारी घेऊन: रात्री खोकला, झोप नाही, छातीत जळजळ. केसपेपरवर तीन ओळी पडतात आणि प्रत्येक ओळीला औषध लिहिले जाते. खोकल्याला सिरप आणि थिओफायलिन-इटोफायलिनची गोळी, झोपेला अल्प्राझोलाम, जळजळीला पँटोप्रॅझोल सकाळी उपाशीपोटी. ही चिठ्ठी या भागात इतकी नेहमीची आहे की तीतले एका तक्रारीचे औषध दुसऱ्या तक्रारीत भर घालते याकडे लक्ष जात नाही. थिओफायलिन अन्ननलिकेच्या खालच्या झडपेचा ताण कमी करते, म्हणजे जळजळ वाढवते; झोपही चाळवते. त्या झोपमोडीसाठी दिलेले अल्प्राझोलाम घशाचे स्नायू सैल करते आणि रुग्ण घोरणारा असेल तर त्याचा श्वास अडण्याचे प्रमाण वाढते. श्वास अडला की छातीतला दाब बदलतो आणि आम्ल वर ओढले जाते. वर आलेले आम्ल पुन्हा खोकला उठवते.

पँटोप्रॅझोलची वेळ हा तर साधा हिशेब आहे. पीपीआय, म्हणजे पँटोप्रॅझोलसारखे आम्ल कमी करणारे औषध, जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायचे असते, कारण जेवणाने जाग्या झालेल्या जठरातल्या आम्ल-पंपांवरच ते काम करते. रात्रपाळीचा कामगार रात्री नऊला जेवून निघतो, पहाटे दोनला कँटीनमध्ये चहा-वडा खातो, सकाळी आठला घरी येऊन भाजी-भाकरी खातो आणि लगेच आडवा होतो. त्याची ‘सकाळ’ कोणती, हे चिठ्ठीवर लिहिलेले नसते. तो संध्याकाळी पाचला उठून, रिकाम्या पोटी गोळी घेऊन, चार तासांनी जेवतो आणि महिनाभराने औषध लागू पडत नाही म्हणून सांगतो. डोस दुप्पट होतो. गोळी मुख्य जेवणाच्या अर्धा तास आधी आणि आडवे होण्यापूर्वी दोन-तीन तास पोट मोकळे, एवढे बदलले तरी अनेकांचा डोस वाढवावा लागणार नाही. सकाळी घरी आल्यावर भरपेट न खाता थोडेच खावे, पाळीवर निघण्यापूर्वीचे जेवण मुख्य धरावे, खाटेची डोक्याकडची बाजू उचलावी, डाव्या कुशीवर झोपावे. ज्या दमेकऱ्याला जळजळीची तक्रारच नाही, त्याला पीपीआय देऊन दमा सुधारत नाही हे चाचण्यांतून पुढे आलेले आहे. तो हमखास मार्ग समजून वापरू नये. गिळताना अडकणे, वजन घटणे, काळी शी, रक्तक्षय असेल तर गोळ्या न बदलता एंडोस्कोपीला पाठवावे.

झोपेबाबत सरकारी कागद अगदीच मुके आहेत. आशा सेविका तिशीपुढच्या प्रत्येकाचा असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीचा सीबॅक फॉर्म भरतात. त्यात कमरेचा घेर आहे, दोन आठवड्यांवरचा खोकला आहे, घरातले इंधन आहे, धूर-धुळीच्या कामाचाही प्रश्न आहे. घोरण्याचा प्रश्न नाही. व्यावसायिक वाहनचालकांच्या नमुना १-अ या वैद्यकीय प्रमाणपत्रात २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, तीव्र रंगांधळेपणा आहे का, रातांधळेपणा आहे का हे विचारले जाते. हा माणूस सिग्नलला उभा असताना डुलकी घेतो का, हे विचारले जात नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणि न्हावाशेवा बंदरातून रात्रंदिवस ट्रक आणि कंटेनर निघतात, आणि त्यांच्या चालकांच्या १-अ वर सही या भागातलेच डॉक्टर करतात. झोपेत श्वास अडण्याचा विकार हेरणाऱ्या स्टॉप-बँग प्रश्नावलीचे आठ प्रश्न विचारायला दोन मिनिटे पुरतात: घोरणे, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहणे, रक्तदाब, बीएमआय, वय, मानेचा घेर, लिंग. फॉर्ममध्ये रकाना नाही म्हणून ते विचारायला कोणी मनाई केलेली नाही. अल्प्राझोलाम तर अनुसूची एच-१मध्ये आहे, औषध दुकानदाराला त्याची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. ते लिहिण्यापूर्वी तरी हे प्रश्न व्हायलाच हवेत.

रकाना नाही ही सबब डॉक्टरांनाही सोयीची झाली आहे, हे स्पष्ट म्हणायला हवे. व्यवसाय विचारावा, हे इटलीतल्या रामाझ्झिनीने १७०० साली ग्रंथ लिहून सांगितले. आजही केसपेपरवर ‘नोकरी’ किंवा ‘लेबर’ एवढेच सापडते. नोकरी हा व्यवसाय नव्हे. कोणत्या खात्यात, कशाला हात लागतो, मास्क कसला मिळतो, पाळी कोणती, किती दिवसांनी बदलते, हे लिहिले तर निदानाची निम्मी वाट तिथेच सरते. त्यानंतरचा एक प्रश्न कुठल्याही यंत्राच्या तोडीचा आहे: सुट्टीच्या दिवशी, गावी गेल्यावर बरे वाटते का? गणपतीला दहा दिवस कोकणात काढून आलेला कामगार त्याचे उत्तर लगेच देतो.

उत्तर ‘हो’ आले की पीक फ्लो मीटर हातात द्यावे. ते काही शे रुपयांत मिळते. जागे असताना दिवसातून किमान चार वेळा, प्रत्येक वेळी तीन फुंका, त्यातला सर्वांत मोठा आकडा, असे तीन-चार आठवडे, कामाचे दिवस आणि सुट्ट्या दोन्ही धरून. शेजारी पाळी लिहायची. आलेखावर कामाच्या दिवशी आकडे उतरताना आणि सुट्टीत चढताना दिसले, तर तो कागद कोणत्याही कार्यालयात बोलतो. स्पायरोमेट्री जरूर करावी, पण सुट्टीनंतर केलेली स्पायरोमेट्री नॉर्मल आली म्हणून निदान खोडू नये. उपचारात फक्त साल्ब्युटामॉलच्या पंपावर माणूस ठेवण्याचे दिवस दम्याच्या २०१९च्या जागतिक मार्गदर्शिकेबरोबर संपले. श्वासावाटे स्टेरॉइड हवेच. ‘पंपाची सवय लागते’ हा समज काढायला वेळ द्यावा लागतो, तो द्यावा. आणि संपर्क चालूच राहिला तर पंपही अपुरा पडतो, म्हणून खाते बदलून मिळण्याची शिफारस लेखी द्यावी, तोंडी नव्हे. मात्र त्यापूर्वी रुग्णाशी बोलावे. शिफारशीने नोकरी गेली तर तो पुन्हा दवाखान्यात येणार नाही.

अनुसूची बदलेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. आयसोसायनेटची विषबाधा यादीत आहे, हॅलोजनची आहे, नायट्रस धुराची आहे, सिलिकोसिस तर आहेच. रंगकामगाराचा दमा, क्लोरीन गळतीनंतर सुरू झालेली धाप, खाणीतल्या क्रशरवरच्या माणसाचा एक्स-रे या नोंदींखाली कळवता येतात आणि कळवायला हवेत. आवक-शिक्क्याची प्रत जपून ठेवावी. मासळी आणि पिठाचा दमा यापैकी कशात बसत नाही. तोही साध्या पत्राने कळवावा, म्हणजे यादीबाहेरचे रुग्ण किती आहेत हे त्या कार्यालयाच्या दप्तरी येईल. विमाधारक कामगाराला राज्य विमा रुग्णालयाकडे पाठवताना चिठ्ठीवर केवळ ‘दमा’ न लिहिता ‘कामाशी संबंधित असल्याची शंका’ असे लिहावे, कारण भरपाईचा दावा त्या शब्दांवर उभा राहतो.

व्यावसायिक दम्याचा व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत समावेश व्हावा, असे निवेदन केंद्रीय आणि राज्य कामगार विभागांना पाठवायचे आहे. त्यासाठी या भागातल्या प्रत्येक डॉक्टरने आपल्या दवाखान्यातल्या अशा रुग्णांची माहिती, रुग्णाचे आणि कारखान्याचे नाव वगळून, या मासिकाच्या कार्यालयात द्यावी: वय, खाते, संपर्कातला पदार्थ, कामाची एकूण वर्षे, कागदावरची सलग नोकरी, पाळी, आणि पीक फ्लोचा आलेख.