दगडी घरे कोणासाठी?

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखात किंवा पश्चिमेच्या बेटांवर एखादे जुने दगडी घर विक्रीस निघाले, की जाहिरातीत ठरावीक शब्दयोजना आढळते. पारंपरिक कॉटेज, दोन फूट जाडीच्या भिंती, पाटीच्या दगडाचे छप्पर, समोर समुद्र आणि पाठीशी डोंगर. किंमत बहुधा ‘अमुक पौंडांच्या वर’ एवढीच छापलेली असते. इच्छुकांनी ठरल्या दिवशी वकिलांमार्फत आपली बोली कळवावयाची. दुसऱ्याने कोणता आकडा घातला आहे हे कोणासच ठाऊक नसते. २००८ सालापासून विक्रेत्याने घराचा तपासणी-अहवाल देणे तेथे बंधनकारक आहे. भिंतीतील ओल, छपराची अवस्था, घर उबदार ठेवण्यास लागणारा खर्च, सारे त्यात येते. घेणारा त्या घरात वर्षातून किती महिने दिवा लावणार, एवढे मात्र कोणी विचारीत नाही.

‘पारंपरिक’ हा शब्द येथे जरा तपासून घ्यावा लागेल. या मुलखातील कूळ पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरात राहिले ते बहुधा गवताने शाकारलेले, माणसे व गुरे एकाच आढ्याखाली नांदविणारे घर होते. चुन्यात बांधलेली पक्की भिंत उभारण्यात त्याचा लाभ काय होता? जमीनदाराने नोटीस देताच घर सोडावे लागे आणि केलेल्या सुधारणेचा मोबदला मिळत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सदरलंड परगण्यात मेंढ्यांच्या कुरणांसाठी खोरीच्या खोरी मोकळी करण्यात आली. १८१४ व १८१९ साली स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात घरांची छपरे जाळली गेली, ती रहिवाशांनी परतू नये म्हणून. लुईस बेट १८४४ साली जेम्स मॅथेसन यांनी विकत घेतले. त्यांची संपत्ती चीनच्या अफूच्या व्यापारातली. त्या व्यापारातील माळव्याची अफू मुंबई बंदरातून जात असे आणि त्यात आपल्याकडील जमशेटजी जिजीभाईंसारख्या शेटियांचाही वाटा होता. दुष्काळात मॅथेसन यांनी धान्य पुरविले हे खरे. पण पुढे त्याच बेटावरील दीड हजारांहून अधिक माणसे कॅनडाकडे रवाना झाली, हेही तितकेच खरे आहे.

१८८२ मध्ये स्काय बेटावरील ब्रेझ येथील स्त्रीपुरुषांनी ग्लासगोहून आणलेल्या पोलिसांवर दगडांचा वर्षाव केला, तेव्हा कोठे लंडनला जाग आली. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष लॉर्ड नेपिअर हे पूर्वी मद्रासचे गव्हर्नर होते. त्यानंतर आलेल्या १८८६ च्या कायद्याने क्रॉफ्टरला, म्हणजे तेथील लहान कुळाला, जमिनीवरून हुसकावून लावण्यापासून संरक्षण, वाजवी खंड व सुधारणांचा मोबदला हे तीन हक्क मिळाले. मग कुळांनी स्वतःच्या हातांनी दगड फोडून, चुना कालवून पक्की घरे बांधावयास घेतली. आज जाहिरातीत ‘पारंपरिक’ म्हणून झळकणारी या भागातील पुष्कळशी घरे त्या सुरक्षिततेची अपत्ये आहेत. जाड भिंत ही परंपरेपेक्षा कायद्याची देणगी अधिक आहे!

त्याच घरांना बाजाराची वाट दुसऱ्या एका कायद्याने दाखविली. १९७६ साली क्रॉफ्टरला घराची जागा व खंडाच्या पंधरापट रकमेत जमीन विकत घेण्याचा हक्क देण्यात आला. हेतू निःसंशय चांगला होता. जमीनदाराच्या तावडीतून सुटण्याची ती वाट होती. परंतु घराची जागा कुळकायद्याच्या कक्षेबाहेर काढता येऊ लागली आणि बाहेर काढलेले घर इतर कोणत्याही मालमत्तेसारखे विकाऊ झाले. कुळाने जे जमीनदाराकडून सोडवून घेतले, ते त्याच्या नातवंडांना आता लिलावाच्या किमतीस परत घ्यावे लागते. ज्याने शहरातील घर विकून पैसा आणला आहे त्याच्यापुढे मासेमारी करणाऱ्या किंवा गावच्या शाळेत शिकविणाऱ्या तरुणाची बोली टिकत नाही.

बाहेरून येणाऱ्यांना खलनायक ठरविण्याचे कारण नाही. त्यांतील कित्येकांनी पडकी घरे सावरली आहेत. सिमेंटचे लेप खरवडून पुन्हा चुना भरण्याचा खटाटोप केला आहे. आणि विकणारी व्यक्ती बहुधा गावचीच असते. म्हातारपणी हातात असलेले एकमेव भांडवल तिने स्वस्तात द्यावे, असे तिला कोणत्या तोंडाने सांगावे?

स्कॉटलंडच्या शासनाने तूर्त करांचा मार्ग धरला आहे. दुसरे घर घेणाऱ्यास डिसेंबर २०२४ पासून किमतीच्या आठ टक्के जादा कर पडतो, आणि त्याआधी एप्रिल २०२४ पासून अशा घरांवरील स्थानिक कर दुप्पट करण्याची मुभा नगरपरिषदांना मिळाली. तिजोरीत भर पडेल; पण ज्याला समुद्राकाठचे घर हवेच आहे आणि ज्याची ऐपत आहे, तो आठ टक्क्यांनी हटेल असे वाटत नाही. जादा कराचा आकडा त्याच्या हिशेबात बसतो. शाळामास्तरच्या हिशेबात मूळ किंमतच बसत नाही.

याहून अधिक उपयोगी तरतूद २००३ च्या एका कायद्यात आहे आणि तिची चर्चा फार थोडी होते. शासनमान्य ग्रामीण गृहसंस्थेने घर देताना खतातच अशी अट घालावयाची, की पुढे ते विकावयाचे झाल्यास पहिला हक्क संस्थेचा. एकदा संस्थेने घर घेण्यास नकार दिला म्हणून हा हक्क संपत नाही. प्रत्येक विक्रीच्या वेळी तो पुन्हा उभा राहतो. बाजारभावापेक्षा कमी दरात दिलेले घर परत घेताना तेच प्रमाण लावण्याची सोयही करता येते. अडचण आहे ती पैशाची. जुने दगडी घर या अटीखाली आणावयाचे तर बहुधा संस्थेला ते आधी विकत घ्यावे लागणार, म्हणजे त्याच बंद पाकिटांच्या शर्यतीत उतरावे लागणार. मे २०२४ मध्ये स्कॉटलंडच्या शासनाने घरांच्या बाबतीत राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. दुसऱ्या घरांवरील जादा कराचा पैसा जर थेट या संस्थांच्या हाती दिला, तर बोलीच्या दिवशी त्यांचेही पाकीट वकिलाच्या टेबलावर असेल.