गाडी रेल्वेची उशिरा, भुर्दंड मात्र प्रवाशाला

सोलापूरहून दीक्षाभूमीला निघालेल्या आमच्या माणसाला थेट गाडीत जागा मिळाली नाही की तो दौंडला किंवा मनमाडला गाडी बदलतो. पहिली गाडी रखडली की पुढची निघून जाते. मग बायकामुलांसह फलाटावर रात्र काढायची, उरलेसुरले पैसे मोजून दुसरे तिकीट काढायचे आणि नशिबाला बोल लावायचा. यात नशिबाचा काय संबंध? हा हक्काचा प्रश्न आहे.

रेल्वेचे 2015 चे परतावा नियम काय सांगतात? शेवटपर्यंतचे एकच तिकीट असेल आणि आधीची गाडी उशिरा आल्याने जंक्शनवर पुढची चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे भाडे परत मिळते. मात्र गाडी पोहोचल्यापासून तीन तासांच्या आत तिकीट खिडकीवर जमा करावे लागते. 1 एप्रिल 2019 पासून दोन वेगळ्या आरक्षित तिकिटांचे पीएनआरही जोडून घेता येतात. ई-तिकीटवाल्याने त्याच तीन तासांत ऑनलाइन टीडीआर भरायचा.

मेख इथेच आहे. जनरलच्या डब्यात दाराशी उभ्याने जाणाऱ्याला पीएनआर कुठला? त्याने दोन तुकड्यांत तिकिटे काढली असतील तर दुसरे बुडालेच. जनरलच्या डब्यात कोण असते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. 1901 मध्ये वडिलांकडे निघालेले बालवयातील बाबासाहेब मसूर स्टेशनवर अडकून पडले, तेव्हा स्टेशनमास्तरने जात विचारली होती. आज खिडकीवर पीएनआर विचारतात!

अजमेर-जम्मू गाडी चार तास उशिरा पोहोचल्याने एका प्रवाशाचे श्रीनगरचे विमान चुकले. उशीर आपल्या हाताबाहेरचा होता हे रेल्वेने सिद्ध करावे, नाहीतर भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बजावले. विमान चुकलेल्याला जो न्याय, तोच मजुरी बुडालेल्याला का नको? 2019 च्या ग्राहक कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे सोलापूरकराला सोलापुरातच. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. उशिराची नोंद आणि तिकिटाची झेरॉक्स तेवढी जपून ठेवावी.

6 डिसेंबरला चैत्यभूमीकडे गर्दी निघण्यापूर्वी सोलापूर विभागाने कुर्डूवाडी, होटगीच्या तिकीट खिडक्यांवर हा तीन तासांचा नियम ठळक मराठीत लावावा. जनरलच्या दोन तिकिटांनाही जोडतिकिटाचा हक्क द्यावा, ही आमची रेल्वे बोर्डाकडे मागणी आहे. विहाराविहारांतून त्यासाठी सह्यांची निवेदने गेली पाहिजेत.