🥔 बटाटा: भर आणि तणनाशक एकाच फेरीत



सातगाव पठार असो की मंचरचा पट्टा, बटाट्यात आपण एक गोष्ट उलटी करतो. आधी तणनाशक मारतो आणि आठ-पंधरा दिवसांनी रिजर घालून भर देतो. मेट्रिब्युझीन जमिनीच्या वरच्या पातळ थरात काम करतं. रिजर फिरला की तो थर मोडतो, खालची माती वर येते आणि तिच्यातलं बी नव्याने उगवतं. मग आपण म्हणतो, "औषध डुप्लिकेट निघालं."

माझं मत स्पष्ट आहे. फवारा *रिजरच्या मागे* हवा, त्याच फेरीत. भर पडली की लगेच त्या ताज्या मातीवर औषध. त्यासाठी महागडा बूम घ्यायची गरज नाही. मिनी ट्रॅक्टरच्या रिजरला मागे एक आडवी अँगलपट्टी, तिच्यावर ६० सेंमी अंतराने दोन फ्लॅट फॅन नोझल, प्रत्येक वरंब्यावर एक, साधारण दीड फूट उंचीवर. बॅटरी पंपाची डबल मोटर ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालते. ड्रम पुढे बांधा, म्हणजे वजनही सांभाळलं जातं. बटण ड्रायव्हरच्या हाताशी घ्या आणि बांधावर वळताना बंद करा. पावडर तळाशी बसते म्हणून एक परतीची नळी ड्रममध्ये सोडा. कीटकनाशकाचं गोल फवारा मारणारं नोझल इथे अजिबात नको.

आता खरा मुद्दा मापाचा. आधी साधं पाणी भरा. शेतात ५० मीटर मोजून खुणा करा आणि ते अंतर बरोबर एका मिनिटात कापेल असा गिअर व थ्रॉटल ठरवा. मग परतीची नळी चालू ठेवूनच दोन्ही नोझलखाली बादल्या धरून एक मिनिट पाणी गोळा करा. दोन्ही मिळून ३ लिटर आलं, तर दोन वरंब्यांच्या (१.२ मीटर) पट्ट्यात एकरी २०० लिटर बसतं. एका नोझलचं जास्त येत असेल तर ते बदला. पन्नास-शंभर रुपयांसाठी अडू नका. मेट्रिब्युझीन ७० टक्के पावडर एकरी ३०० ग्रॅम, त्याच्यावर नाही. "जरा जास्तच टाक" हे इथे महागात पडेल, कारण बटाट्यामागे आपल्यातले बरेच जण कांदा घेतात आणि कांदा या औषधाला फार नाजूक आहे.

वेळ: रोप १० सेंमी असतानाच. झाड मोठं झाल्यावर मारलं तर पान करपतं. म्हणजे महिन्याने भर द्यायची आपली सवय मोडावी लागेल. भर लवकर द्या, एकदाच द्या, पण भरपूर द्या. नंतर कुठे बटाटा उघडा दिसला तर तिथे खोऱ्याने माती ओढा, सगळ्या रानात पुन्हा रिजर घालू नका. जमिनीत ओल हवी, पण जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर थांबा. औषध वरंब्यावरून वाहून सरीत साचतं.

लव्हाळा आणि हराळी याने जाणार नाही, हे आधीच सांगतो. तिथे खुरपंच. "बायकांचं काम जाईल" असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. घोळ आणि माठाची पहिली लाट गेली तर त्याच बाया लव्हाळ्याला वेळेवर मिळतील. आज त्या एकाच आठवड्यात सगळ्यांना हव्या असतात.

प्रत्येकाने वेगळी जोडणी करण्यापेक्षा कंपनीच्या अवजार बँकेत दोन संच करून भाड्याने द्यावेत, असं मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. तुमच्या रिजरचा मागून काढलेला फोटो आणि दोन सऱ्यांमधलं अंतर ग्रुपवर टाका. अंतर ६० सेंमी नसेल तर लिटरचं गणित बदलतं, ते करून पाठवतो. ड्रायव्हरला हातमोजे आणि मास्क द्यायला विसरू नका.

– तुमचा पीक सल्लागार